चौदा नंबरचा खिळा

२८ जुलै, रवि.

आज मी सतरा माणसांसमोर खोटं बोलले, म्हणून ही वही काढली. दुसरीकडे कुठे हे लिहिण्याची सोय नाही.

डोंगर मंडळाची तातडीची बैठक, आबांच्या घरी. विषय एकच: गेल्या रविवारी भुलेश्वरच्या डोंगरावर सोनवणे मामा मागे कसे राहिले. आबा अध्यक्षाच्या खुर्चीत. त्यांनी विचारलं, "मॅडम, निघताना फळी भरली व्हती का?"

"भरली होती. मी स्वतः पाहिली."

"मग मिटलं. मॅडमची फळी म्हंजी कोर्टाचा निकाल."

फळी भरलेली होती, हे खरंच. बत्तीस खिळे, बत्तीस बिल्ले. पण चौदा नंबरचा बिल्ला मामांनी लावलेला नव्हता. मी लावला होता.

ठराव झाला: मामा खाली आले, बिल्ला लावला आणि कुणाला न सांगता परत वर गेले. नियम १ चा भंग. सभासदत्व रद्द. सतरा हात वर. माझाही.

आबांचा मेहुणा असता तर हात इतक्या पटकन वर गेले असते का, की दौंडच्या वस्तीतला, रुळांच्या चाव्या ठोकणारा, रेल्वेचा निवृत्त चावीवाला होता म्हणून गेले? मनात आलं. विचारलं नाही. मला ते सोयीचं होतं.

२९ जुलै

झालं तसं लिहिते.

नियम मीच केलेले, सचिव म्हणून, सहा वर्षांपूर्वी. सकाळी ज्याने त्याने बसमध्ये ठेवलेल्या फळीवरून आपला पत्र्याचा बिल्ला काढून खिशात ठेवायचा. उतरल्यावर स्वतःच्या हाताने परत अडकवायचा. न आलेल्यांचे बिल्ले फळीवरच असतात, त्यामुळे सगळे खाली आले की फळी भरते. फळी भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. आणि भरली तरी निघण्यापूर्वी तीन शिट्ट्या.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी सो.मा. म्हणाले, "म्याडम, खिसा उसवलाय. ह्यो तुमच्याकडं ठिवा, खाली आलो की घेतो." मी घेतला. पर्समध्ये टाकला. घ्यायलाच नको होता.

खाली पाऊस. दोन गाड्या, शिरूरची मिनी बस आणि दौंडची जीप. पाचला पाच कमी. चौदाचा खिळा रिकामा. नोंदवहीत मी दर वेळी लिहिते, 'फ.भ. ५.००'. फळी भरली, पाच वाजता. एक्केचाळीस रविवार सलग ५.००. एकदाही ५.०१ नाही. लोक त्यावरून चेष्टा करतात, आणि मला ती चेष्टा आवडते.

कुणीतरी म्हणालं, "मामा जीपमध्ये बसले असतील." मी जीपकडे पाहिलं नाही. पर्समधून बिल्ला काढला, अडकवला. फ.भ. ५.००. पावसात शिट्टी कशाला वाजवायची, फळी तर भरलीये. निघालो. जीपवाल्यांना वाटलं मामा बसमध्ये, बसवाल्यांना वाटलं जीपमध्ये.

सो.मा. सुगरणीची घरटी बघायला घळीत उतरले होते. पाय घसरला. फोन भिजून बंद. आठ वाजता त्यांच्या मुलीचा, सुनीताचा, मला फोन: दादा घरी आले नाहीत. मी म्हणाले, "फळी भरली होती. उतरलेत ते. यवतला कुणाकडे थांबले असतील." म्हणून घरच्यांनी यवत धुंडाळलं, स्टेशन धुंडाळलं. डोंगरावर कुणी गेलं नाही. सकाळी मेंढरं घेऊन आलेल्या माणसाला ते सापडले.

रांजणगावच्या कंपनीत सव्वीस वर्षं टाइम ऑफिस सांभाळलं. दुसऱ्याचं कार्ड पंच करणाऱ्याला मी कधी सोडलं नाही. चार जण घरी गेले. माझ्या सहीने.

४ ऑगस्ट, रवि.

दौंडला दवाखान्यात. खुब्याजवळ हाड मोडलंय, आत रॉड. सफरचंदं नेली. किती हास्यास्पद वस्तू.

सो.मा. गुंगीत. सुनीता उशाशी, कंपनीच्या ड्रेसवरच, रात्रपाळी करून थेट आलेली. रद्द झाल्याचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. पत्राखाली माझी सही.

"मॅडम, दादांनी छत्तीस वर्षं रुळावर चाल केली. रोज चावी ठोकत जायचं, रोज परत यायचं. एक दिवस हजेरी चुकली नाही. तो माणूस बिल्ला लावून परत वर जाईल?"

मी म्हणाले, "आजारी माणसासमोर हे नको."

ती म्हणाली, "ते झोपलेत." आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी सफरचंदं खिडकीत ठेवून निघाले.

२५ ऑगस्ट, रवि.

मोराची चिंचोली. अपघातानंतरची पहिली चाल. बावीस जण. चढ नाही, चिखल भरपूर. मोर तीन, तेही पिसं झडलेले. आबा म्हणाले, "मोर बी रिटायर झाल्याती."

सगळे हसले. मीही. मग सवयीने मागे वळले. प्रत्येक चालीत शेवटी सो.मा. असतात, हातात कुठलीतरी फांदी, "म्याडम, ह्ये बघा." मागे कुणी नव्हतं.

नवीन सभासद एक. आमच्या जुन्या सभासद, शिरूरच्या शाळेतल्या कविता बाई सहज म्हणाल्या, "चौदा नंबर रिकामाच आहे, त्यांना तो देऊ." मी इतक्या जोरात "नाही" म्हणाले की त्यांनी सॉरी म्हटलं. बत्तीस नंबरच्या पुढे नवीन खिळा ठोकून घेतला. चौदाचा बिल्ला डब्यात.

फ.भ. ५.००. चौदाचा खिळा रिकामा, तरी लिहिलं.

२२ सप्टें., रवि.

सुप्याचं माळरान. गवत कमरेएवढं. दोन चिंकारा लांबून, मान वर करून उभे. कुणीतरी विचारलं, हे कुठलं गवत. पवन्या की कुसळी? माहीत असलेला माणूस दौंडला पलंगावर आहे.

परतताना दोघं मागे राहिले, फोटो काढत. पाच वाजून गेले. सव्वापाच. ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला. सगळे माझ्याकडे बघत होते, आता मॅडम फाडणार. मी शिट्टी वाजवली. थांबले. परत वाजवली. दोघं धावत आले, घाबरलेले. मी म्हणाले, "सावकाश. पाणी प्या."

आबा: "मॅडम, तब्येत बरी हाय ना?"

फ.भ. ५.२८. सहा वर्षांत पहिल्यांदा. बसमध्ये सगळे कौतुकाने बोलत होते, मॅडम निवळल्या म्हणून. चांगुलपणाची ही पावती मला कशाबद्दल मिळाली, हे त्या बसमध्ये फक्त मला माहीत होतं.

१३ ऑक्टो., रवि.

चाल नव्हती. दौंडला गेले, सो.मा.च्या घरी. एस.टी.त पूर्ण वेळ वाक्य जुळवत होते: मामा, तुमचा बिल्ला मी लावला. सहा शब्दही नाहीत.

काल दीक्षेचा दिवस होता. दारावरची निळी पताका तशीच. घरात खीर शिल्लक होती, ती वाटीत आली. सो.मा. वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत आले. "या, या. सुनीता, म्याडमला खुर्ची दे, प्लास्टिकची नको, ती हालती."

बरं वाटत होतं त्यांना. मी काही न विचारताच ते त्या रात्रीचं सांगायला लागले.

"पाऊस व्हता, पन मी भ्यालो न्हाई. म्हनलं, फळी भरनार न्हाई, म्याडम हलनार न्हाईत. शिट्टी वाजली की वरडायचं. अंधार पडला तरी कान तिकडंच. येक टिटवी वरडत हुती, दोनदा मला शिट्टीच वाटली."

मी खीर खात होते. 

सुनीता चुलीकडून म्हणाली, "मॅडम, मला एकच सांगा. दादांचा बिल्ला फळीवर कसा?"

सो.मा. तिला म्हणाले, "सुनीते, च्या टाक."

त्यांना आठवत नाही, की ते बोलत नाहीत? डोळ्यांवरून कळलं नाही. वाटी धुऊन ठेवली. सहा शब्दही बोलले नाही. परतीची एस.टी. साडेचारची पकडली. वेळेवर.

१७ नोव्हें., रवि.

दौंडहून भीमेच्या काठाने. सत्तावीस जण. काठावर ऊसतोड सुरू, टोळ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिलेल्या, पाटसकडे ट्रॅक्टर एकामागे एक.

रेल्वेच्या पुलापाशी सो.मा. उभे. वॉकर सुटलाय, काठी आहे. ही त्यांची रेल्वेतली जुनी बीट, रोजच्या चालीचा पट्टा; कुणाकडून तरी कळलं असणार आम्ही इकडून जाणार. इस्त्रीचा शर्ट. मंडळाची टोपी मात्र नव्हती घातली. ती घालायचा हक्क आम्ही काढून घेतलाय.

लोकांची गंमत झाली. कुणी नमस्कार करून पटकन पुढे, कुणी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलं. आबांनी लांबून हात केला, "काय मामा, बेस ना?"

"बेस आबा. चाला, चाला, ऊन वाढतंय."

मी शेवटी होते. सो.मा. हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, सव्वीस झाली. सकाळी किती निगाली?"

"सत्तावीस."

"मग येक मागं हाय."

कविता मागे पळत गेल्या. देशमुख वहिनींची चप्पल तुटून त्या उसाच्या बांधावर बसल्या होत्या, अर्धा किलोमीटर मागे. कुणालाच पत्ता नव्हता. मलाही नाही. मी मोजत नाही, फळी मोजते.

ज्याला मी मागे टाकलं, तो काठीवर उभा राहून माझी माणसं मोजत होता. परत येताना पुलाखाली पाहिलं. गेले होते.

२२ डिसें., रवि.

निघोजचे रांजणखळगे. पाणी कमी, खडक कोरडे, बसायला छान. सगळ्यांनी भाकरी, ठेचा, गाजराची भाजी. कविता बाईंनी माझी नक्कल केली, हातात डबा फळीसारखा धरून: "पाच म्हणजे पाच! देव आला तरी बिल्ला लावून जाईल!" हुबेहूब. सगळे लोटपोट.

मी हसले नाही. त्यांना वाटलं मला राग आला. आला नव्हता. नक्कल बरोबर होती.

फ.भ. ४.५०.

१६ फेब्रु., रवि.

आज पुन्हा दौंड. यावेळी ठरवूनच. सुनीता पहिल्या पाळीला, घरी सो.मा. एकटेच. अंगणात बाजेवर बसून खुरपं घासत होते. काठी भिंतीला.

मी तोंड उघडण्याआधी तेच म्हणाले, "म्याडम, बरं झालं एकट्याच आलात. येक सांगायचं हुतं. नियम म्याच मोडला."

"कुठला?"

"बिल्ला दुसऱ्याकडं द्यायचा न्हाई. मी तुमच्याकडं दिला. उसवलेला खिसा काय, पिन लावली असती. म्या कुनाला बोललो न्हाई, पोरीलाबी न्हाई. म्हनलं असतं तर सगळी तुम्हाला इचारत बसली असती. तुम्ही उगं अडचनीत."

मी विचारलं, "मग तो फळीवर कसा गेला, असं वाटतं तुम्हाला?" माझा आवाज मलाच ऑफिसमधला वाटला. चौकशीचा.

"कुनीतरी पर्समदनं काढून लावला आसंल. घाई हुती, पाऊस. नाव घ्यायचं न्हाई मला कुनाचं."

"मी लावला नसेन कशावरून?"

ते हसले. खरंच हसले. "तुम्ही? आवो, आमचा बाबू. सख्ख्या भनीचं पोरगं. कंपनीत कंत्राटी व्हता. दोस्ताची बस चुकली म्हनून त्याचं कार्ड मारलं, आन् तुम्ही धरला. बहीन माझ्याकडं रडत आली. मी म्हनलं, त्या बाईनं सख्ख्या भावाला बी सोडला नसता, कायदा म्हंजी कायदा. तवापासनं तुमचं नाव ठाव हाय मला. मंडळात आलो ते तुमचं नाव ऐकून. तुम्ही दुसऱ्याचा बिल्ला लावनार व्हय!"

कुठला बाबू? आठवेना. चारांतला एक. चेहरे नाहीत, फक्त चार्जशीटचे नमुने.

सांगायला हवं होतं. त्याच क्षणी. त्याहून सोपा क्षण पुन्हा मिळणार नाही.

मी म्हणाले, "औषधं वेळेवर घेता ना?"

१७ फेब्रु.

बाबू. उंच होता बहुतेक. सही करताना पेन त्याचं चालेना, मी माझं दिलं. एवढंच आठवलं, रात्री नव्हे, आज दुपारी भाजी निवडताना.

३० मार्च, रवि. पाडवा.

चाल नाही, उन्हामुळे जूनपर्यंत बंद. आबांकडे गुढीचं निमित्त. त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. 

आबांनी सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "अजून कुणाला सांगितलं?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. मॅडम, आता मिटलंय. मामांची तक्रार न्हाई, केस न्हाई. तुम्ही आता बोलला तर काय व्हईल? लोक म्हणतील मंडळानं गरिबाला मागं टाकलं, वर त्यालाच काढलं. आमच्या अंगावर जातीचं बालंट येईल. सगळ्या मंडळावर येईल."

"बालंट नाही ते, आबा. झालंय तसंच."

"व्हय, पण बोलून दाखवायचं कशाला? जुलैत सभा हाय, मामांना मानद सभासद करू. शाल, श्रीफळ. दोन शब्द तुम्हीच बोला. झालं."

शाल, श्रीफळ. गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला मोठेपणाने माफी. ती मी जाहीर करायची.

आणि लिहायची लाज वाटते, पण घरी येताना अर्धा रस्ता मला सुटल्यासारखं वाटत होतं.

११ मे, रवि.

एक गोष्ट मी या वहीतही लिहिली नाही. मागची पानं वाचली, तेव्हा दिसलं की किती सफाईने टाळली आहे.

सुनीताचा आठ वाजताचा फोन. मी लिहिलंय, 'मी म्हणाले, फळी भरली होती.' बरोबर. पण ते म्हणता म्हणताच मला पर्स आठवली होती. बिल्ला आठवला होता. फोन कानालाच होता, ती बोलत होती. तेव्हा म्हणता आलं असतं, "सुनीता, डोंगरावर जा, मी पण निघते." मी म्हणाले, "यवतला थांबले असतील."

नंतर स्वतःला सांगितलं, ते उतरले असतील, नक्की उतरले असतील. जेवले. वरण-भात होता.

चूक पाचला झाली. आठला जे केलं ती चूक नव्हे.

१५ जून, रवि.

भुलेश्वर. चाल नाही, कविताला घेऊन गेले. तिला सांगितलं, शिट्टी तपासायची आहे. पावसाळ्याची तयारी म्हणून. आभाळ भरलेलं, थेंब नव्हता.

तिला खाली उभं केलं, गाड्या लावल्या होत्या त्या चिंचेपाशी. मी घळीत उतरले. सुगरणीची नवी घरटी विणायला सुरुवात झालेली, अर्धी, हिरवी. त्या मेंढरवाल्याने जागा दाखवली. मोठा दगड, खाली पोकळी. तिथे बसले. दगड गार. तिथून गाड्यांचा रस्ता दिसत नाही. आभाळ तेवढं दिसतं.

ठरल्या वेळी कविताने तीन शिट्ट्या वाजवल्या.

स्वच्छ ऐकू आल्या. तिन्ही. जवळ उभं राहून वाजवाव्यात तशा. मी ओरडले, "ओ!" आणि खालून ती म्हणाली, "आलं ऐकू!"

पावसात थोडं कमी आलं असतं. तरी आलं असतं. तीन फुंकरी. तेवढ्या मारल्या असत्या तर सो.मा. त्या रात्री घरी जेवले असते.

उतरले तेव्हा कविता माझ्या तोंडाकडे बघत होती. "मॅडम, त्या दिवशी शिट्टी वाजवली होती ना तुम्ही?"

"नाही."

तिने पुढे विचारलं नाही. पण यवतपर्यंत बोलली पण नाही. एरवी तिचं तोंड बंद नसतं. बरं वाटलं. कुणीतरी मला शिक्षा द्यायला सुरुवात केली.

१३ जुलै, रवि.

वार्षिक सभा. शाल टेबलावर घडी घालून ठेवलेली. आबांनी डोळ्यांनी खुणावलं, दोन शब्द.

मी या वहीतली दोन पानं वाचली. पाचचं आणि आठचं, दोन्ही. बिल्ला, शिट्टी, फोन. वाचताना आवाज कापला नाही. कापायला हवा होता का? माहीत नाही.

 मग देशमुख वहिनी: "बाई, म्हणजे वर्षभर तुम्ही आमच्याबरोबर जेवलात, हसलात, आणि..."  कुणीतरी मागून: "आम्हाला पाच मिनिटं उशीर झाला तर किती बोलायच्या!" आबा चिडले, माझ्यावर की झालेल्या प्रकारावर ते कळेना. "मॅडम, मी म्हणलं होतं तुम्हाला." म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं, हेही सगळ्यांना तिथेच कळलं. मग दोघांवरही ओरडा सुरू झाला.

ठराव असा: मामांवरचा ठराव रद्द करायचा की त्यांची माफी मागून मग रद्द करायचा, यावर एकमत नाही. माझ्याबद्दल निर्णय पुढच्या बैठकीत. तोवर सचिवपद कविताकडे.

शाल कुणी उचलली, पाहिलं नाही.

२० जुलै, रवि.

उद्या वर्ष होईल. दौंडला गेले. सुनीताही घरी होती, हे बरं झालं. दोघांसमोर सांगितलं. या वेळी औषधांची चौकशी केली नाही.

सुनीता उठून आत गेली. भांडी आपटली नाहीत, काही नाही. 

सो.मा. काठीची मूठ चोळत राहिले. मग विचारलं, "लावताना तुम्हाला ठाव हुतं का, मी वर हाय?"

"नाही. पण खाली आहात हेही ठाऊक नव्हतं. पाहिलंच नाही."

"आन् आठ वाजता?"

"आठ वाजता ठाऊक होतं."

त्यांनी मान हलवली, एखादा हिशोब जुळल्यासारखी. माफ केलं म्हणाले नाहीत. रागावलेही नाहीत. मी उठणार तेवढ्यात म्हणाले, "बाबूला सांगितलं का?"

"बाबूला?"

"त्याला मी सांगितलेलं, त्या बाईनं बरोबर केलं. भनीला बी तेच सांगितलं. माझ्या शब्दावर त्यांनी गप ऱ्हायचं ठरवलं. आता मी काय सांगू त्यांना?"



येताना शिरूरला उतरून कविताकडे सगळं सोपवलं. नोंद:

फळी, एक, खिळे तेहतीस. बिल्ले बत्तीस. माझा एक नंबरचाही त्यात. आबा म्हणाले होते पुढच्या बैठकीपर्यंत ठेवा, ठेवला नाही. शिट्टी, दोरीसकट. नोंदवही, २१ जुलैच्या पानावर 'फ.भ. ५.००' खोडलेलं नाही, खाली माझ्या हाताने खरं काय ते लिहून सही केली आहे. पहिली नोंद वाचता येईल अशी ठेवली आहे.

 तेहतिसावा बिल्ला, क्र. १४, सो.मा.च्या घरी टेबलावर ठेवला. मी निघेपर्यंत कुणी उचलला नव्हता.

कविताने सगळं मोजून घेतलं. मग पुन्हा मोजलं. मी सांगितलं नव्हतं.

मला मिळालं: निघताना दारात सुनीताने हातात दिलेली एक चिठ्ठी. काही बोलली नाही. बाबूचा पत्ता, पाटस. खाली तिच्या अक्षरात, घरी असण्याची वेळ.